तेलाचा दाब : एका लाल दिव्याचा इतिहास

मोटारीची चावी फिरवली की इंजिन सुरू होण्यापूर्वी चालकासमोर काही दिवे लागतात. त्यांतला एक लाल दिवा तेलाच्या झारीच्या आकाराचा असतो. झारीच्या तोंडाशी एक थेंबही काढलेला असतो. इंजिन सुरू झाले की दोन-तीन सेकंदांत हा दिवा विझतो आणि आपण त्याला विसरून जातो. पुढे कधी तो वाटेतच लागला, तर पुष्कळांची समजूत होते, 'तेल कमी झालेलं दिसतंय. पुढच्या पंपावर घालू.'

या समजुतीत दोन चुका आहेत. तेल किती आहे हे हा दिवा सांगतच नाही. तो तेलाच्या दाबाविषयी सांगतो. आणि पुढच्या पंपापर्यंत जाण्याइतकी सवड बहुधा नसते. दाब खरोखरच गेला असेल, तर काही मिनिटांत इंजिन धरते आणि दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीला भिडतो.

हा दिवा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे त्याच्या इतिहासातून चांगले कळते. दिवा लागल्यावर जाणता मेकॅनिक ज्या क्रमाने दोष शोधतो, त्यातली प्रत्येक पायरी या इतिहासातल्या एखाद्या शोधाशी जोडलेली आहे. पुण्यासारख्या इंजिने घडवणाऱ्या शहरातल्या शिक्षकांना तरी हा इतिहास परका वाटू नये.

कुरकुरणाऱ्या आसापासून

बैलगाडीच्या आसाला वंगण हवे की नको, हे गाडीवानाला कानांनी कळत असे. चाक कुरकुरू लागले की वंगण घालायचे. वाफेच्या इंजिनांच्या काळातही फार फरक पडला नव्हता. फिरत्या भागांवर तेलाच्या वाट्या बसवलेल्या असत, त्यांतून थेंब थेंब तेल गळे आणि हातात झारी घेतलेला माणूस त्या भरत हिंडे. तेल पोचते आहे की नाही, ते डोळ्यांना दिसत होते. मात्र ते दोन धातूंच्या मध्ये जाऊन नेमके काय करते, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

ते कळले एका अडचणीतून. लंडनच्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाच्या अभ्यासाचे काम बोशँप टॉवर या अभियंत्याकडे सोपवले होते. रेल्वेच्या डब्याच्या आसासारखा आस फिरवायचा, त्यावर पितळी बेअरिंग ठेवून भार द्यायचा आणि घर्षण मोजायचे, असा प्रयोग होता. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला होता. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी टॉवरने एक भोक पाडले. आस फिरू लागला, तेव्हा भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर येऊ लागले. त्याने भोकात बूच मारले. ते वर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर आली. शेवटी त्या जागी त्याने दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता आणि मापकाचा काटा २०० पौंडांच्या पलीकडे गेला. हा वृत्तांत १८८३ साली प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ असा की फिरणारा आस स्वतःच तेलाला आपल्याबरोबर ओढतो, निमुळत्या फटीत कोंबतो आणि त्यातून निर्माण होणाऱ्या दाबावर तरंगतो. धातू धातूला टेकतच नाही. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने या तेलाच्या पापुद्र्याचे गणित मांडले. आजही बेअरिंगची आखणी त्याच्याच समीकरणावर होते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. इंजिनाचा भार तोलणारा दाब पंपाने दिलेला नसतो. तो फिरण्यामुळेच पापुद्र्यात तयार होतो आणि पंपाच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. पंपाचे काम फक्त तेल पुरवण्याचे. पण फिरता आस फटीतले तेल सतत कडांतून बाहेर टाकत असतो. पुरवठा थांबला की पापुद्रा तुटतो, धातू धातूवर घासतो आणि बेअरिंगचा मऊ धातू वितळू लागतो. लाल दिवा पहारा देतो तो या पुरवठ्यावर.

शिंतोडे आणि पंप

इंजिन लहान आणि संथ असेल तर पंपाशिवायही भागते. खाली तेलाचे भांडे आणि कनेक्टिंग रॉडच्या टोकाला एक छोटी पळी, एवढे पुरते. प्रत्येक फेऱ्याला पळी तेलात बुडते आणि शिंतोडे सगळीकडे उडवते. शेतातल्या विहिरींवर वर्षानुवर्षे चाललेली लिस्टर पद्धतीची इंजिने मिनिटाला सुमारे ६५० फेरे घेत. त्यांना एवढे वंगण पुरत असे. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीतही तेलाचा पंप नव्हता. फिरणारे चाकच तेल उडवी आणि एका नळीतून ते पुढे वाहत जाई. तेलाची पातळी पाहण्यासाठी इंजिनाच्या खालच्या बाजूला दोन तोट्या होत्या. वरच्या तोटीतून तेल आले तर पुरेसे. खालचीतूनही आले नाही तर धोका. त्यासाठी चालकाला गाडीखाली वाकावे लागे.

फेरे वाढले, भार वाढला, तसे शिंतोडे अपुरे पडू लागले. यावरचा उपाय वाफेच्या इंजिनांत आधीच सापडला होता. इंग्लंडमधल्या बेलिस आणि मॉरकॉम या कारखान्यातल्या आल्बर्ट पेन याने १८९० साली पंपाने दाब देऊन तेल थेट बेअरिंगांपर्यंत पोचवण्याचे पेटंट घेतले. पंपाची कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी. एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाके फिरवून द्रव पुढे ढकलणारा पंप योहान केप्लरने सतराव्या शतकाच्या आरंभी सुचवला होता. ग्रहांच्या कक्षांचे नियम शोधणारा तोच हा केप्लर. त्याच्या मनात खाणीतले पाणी उपसणे होते. तीच युक्ती पुढे असंख्य मोटारींच्या तेलाच्या पंपांत आली.

अशा रीतीने तेल इंजिनाच्या पोटात, क्रँकमध्ये कोरलेल्या वाटांतून वाहू लागले आणि त्याबरोबरच ते माणसाच्या नजरेआड झाले. आता ते पोचते आहे की नाही, हे कळण्यासाठी उपकरणाची गरज निर्माण झाली.

इंजिनांचे शहर

या कथेत पुण्याची जागा थोडी वेगळी आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना १९४६ साली स्थापन झाला आणि खडकीत त्याची डिझेल इंजिने तयार होऊ लागली. (या नावातले 'ऑइल' म्हणजे इंधन, वंगण नव्हे.) १९६२ साली किर्लोस्कर-कमिन्स स्थापन झाली. १९६६ साली टेल्कोने पिंपरीला आपल्या पुण्याच्या कारखान्याची उभारणी सुरू केली आणि त्याच वर्षी वाहनांच्या चाचण्या व संशोधन करणारी ए. आर. ए. आय. ही संस्था पुण्यात स्थापन झाली. पुण्यात आखलेली टाटा इंडिका १९९८ साली लोकांसमोर आली.

तरीही सामान्य पुणेकराची या लाल दिव्याशी ओळख उशिराच झाली. याचे कारण त्याची स्कूटर. सायकलींच्या या शहरात नंतर स्कूटरचे राज्य आले आणि आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून १९७२ पासून निघालेली 'चेतक' घरोघर पोचली. तिचे इंजिन टू-स्ट्रोक होते. अशा इंजिनात तेलाचा साठा नसतो, पंप नसतो, म्हणून दाबही नसतो. लिटरभर पेट्रोलला साधारण वीस मिलिलिटर या प्रमाणात तेल पेट्रोलातच मिसळायचे. ते इंजिनाला वंगण देत देत शेवटी जळून जाते. स्कूटरच्या मागे दिसणारा निळसर धूर तो हाच. वंगण घालणे हे पेट्रोल भरण्याइतकेच रोजचे काम होते.

चार-स्ट्रोक इंजिनात तेल जळत नाही, पुन्हा पुन्हा फिरवले जाते. त्यामुळे त्याची पातळी, त्याचा दाटपणा आणि त्याचा दाब हे तीन वेगळे प्रश्न उभे राहतात. स्कूटरवरून मोटारीत आलेल्या कुटुंबाला हे तीन प्रश्न एकच वाटावेत आणि 'दिवा लागला, तेल घाला' एवढेच सूत्र हाती राहावे, यात नवल नाही.

काटा गेला, दिवा आला

दाब दाखवणारे चांगले उपकरण १८४९ सालापासून उपलब्ध होते. फ्रान्समधल्या यूजेन बूर्दाँने त्या वर्षी आपल्या दाबमापकाचे पेटंट घेतले. जत्रेत एक कागदी पिपाणी मिळते. फुंकली की तिची गुंडाळी उलगडते आणि फुंकर थांबली की ती पुन्हा वळते. बूर्दाँची वाकवलेली चपटी धातूची नळी हेच करते. आत दाब वाढला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. पूर्वीच्या मोटारींत चालकासमोर तेलाच्या दाबाचा काटा असे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्येही तो होता.

काट्याचा उपयोग मात्र वाचणाऱ्यालाच. इंजिन गार असताना काटा किती वर असतो, घाट चढल्यावर किती खाली येतो, गेल्या वर्षी किती होता, हे ध्यानात ठेवणारा चालक काट्यावरून दोष महिनाभर आधी ओळखू शके. मोटार घराघरांत गेली, तेव्हा असे चालक थोडे आणि काट्याकडे न पाहणारे पुष्कळ, अशी स्थिती झाली. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या हडसन कंपनीने काट्याऐवजी इशाऱ्याचे दिवे बसवले. दिवा स्वस्त होता आणि न पाहणाऱ्यालाही दिसत होता. हळूहळू बहुतेक मोटारींनी तोच मार्ग धरला.

या दिव्याची रचना फार सोपी आहे. इंजिनावर एक लहान स्विच असतो. त्यात एक पातळ पडदा आणि एक स्प्रिंग. दाब नसेल तेव्हा स्प्रिंग संपर्क जोडून ठेवते, परिपथ पूर्ण होतो आणि दिवा लागतो. तेलाचा दाब पडद्याला ढकलू लागला की संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. चावी फिरवताच दिवा लागतो तो म्हणूनच, आणि त्यातच त्याची स्वतःची परीक्षा होते. तेव्हा तो लागलाच नाही, तर दिवा गेला असेल किंवा स्विचची तार निघाली असेल. असा दिवा पुढे कधीच धोक्याचा इशारा देणार नाही. उलट, तार कुठे घासून इंजिनाच्या धातूला टेकली, तर दाब उत्तम असूनही दिवा लागून राहील.

आता आकडे पाहू. येथे दर चौरस इंचाला पौंड हे टायरच्या हवेसाठी वापरतो तेच एकक घेतले आहे. धावत्या मोटारीत तेलाचा दाब साधारणपणे ४० ते ६० पौंड असतो. जुना अनुभवी ठोकताळा असा की दर हजार फेऱ्यांना निदान १० पौंड हवेत. स्विच मात्र ४ ते ७ पौंडांच्या आसपास जुळतो. म्हणजे मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर धावताना दाब ३० पौंडांवरून १२ वर आला, तरी दिवा गप्पच राहील. लागलेला दिवा धोका सांगतो, पण विझलेला दिवा प्रकृतीचा दाखला देत नाही. काटा जाऊन दिवा आला तेव्हा आपण जे गमावले, ते हे.

दिवा लागल्यावर

धावत्या गाडीत दिवा लागला, तर पहिले काम गाडी सुरक्षितपणे बाजूला घेऊन इंजिन बंद करणे. गॅरेज अर्ध्या किलोमीटरवर दिसत असले तरीही. इंजिन बंद करून काही बिघडत नाही. चालू ठेवून बिघडू शकते.

दुसरी पायरी पातळीची. गाडी सपाट जागी उभी करून, पाचदहा मिनिटांनी तेल खाली उतरल्यावर पट्टी काढावी, पुसावी, पुन्हा घालून पाहावी. मॉडेल टीच्या दोन तोट्यांचेच हे काम. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर घाटातल्या वळणावर किंवा जोराने ब्रेक लावताना तेल एका बाजूला सरकते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. दिवा क्षणभर लागून विझतो. अशा वेळी तेल घालून दिवा गेला, तरी ते गेले कुठे हे शोधायचे राहतेच.

पातळी ठीक असेल, तर तेलाचा वास आणि रंग पाहावा. पेट्रोलचा वास म्हणजे तेल पातळ झाले आहे. दुधाळ रंग म्हणजे त्यात पाणी मिसळले आहे.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी : दिव्याचीच साक्ष तपासणे. स्विच काढून त्याच जागी बूर्दाँच्या नळीचा साधा दाबमापक आटे जुळवून बसवायचा आणि इंजिन थोडा वेळच चालवून दाब पाहायचा. तो ठीक निघाला, तर इंजिन तापेपर्यंत चालवून संथ आणि जलद अशा दोन्ही गतींवर पुन्हा वाचायचा आणि गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून पाहायचा. काटा बरोबर असेल, तर दोष स्विचमध्ये किंवा तारेत आहे आणि थोडक्या खर्चात काम भागते. काटाही दाब कमीच दाखवत असेल, तर दिवा खरे बोलत होता.

मग मेकॅनिक पंपाच्या बाजूकडे वळतो. ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, पंपाच्या तोंडाशी एक जाळी असते. ती गाळाने चोंदली, तर संथ गतीला तेल पुरते, पण जलद गतीला पुरत नाही. उंच गतिरोधकावर चेंबर आपटून वर दबला असेल, तरी जाळीचे तोंड झाकले जाते. पंपाजवळ जादा दाब सोडून देणारी एक झडप असते, प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखी. ती कचरा अडकून उघडीच राहिली, तर दाब साठतच नाही. या साऱ्यांतून काही निघाले नाही, तर उरतात पंपाची झिजलेली चाके आणि बेअरिंगे.

फटीचा हिशेब

बेअरिंग झिजले तर दाब का पडतो? पंप दर फेऱ्याला ठरावीक तेल ढकलतो. दाब निर्माण होतो तो त्या तेलाला वाट काढताना होणाऱ्या अडथळ्यातून. बेअरिंगमधली फट केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते, तोवर अडथळा भरपूर असतो. फटीतून वाहणारे तेल फटीच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की त्याच दाबाला आठपट तेल निसटते. म्हणून बेअरिंगची झीज सुरुवातीला जाणवत नाही आणि मग दाब एकाएकी ढासळल्यासारखा वाटतो.

अडथळ्याचा दुसरा घटक तेलाचा दाटपणा, म्हणजे श्यानता. इंजिनासाठीचे एखादे दाट तेल ४० अंश सेल्सियसवरून १०० अंशांवर तापले की त्याची श्यानता सुमारे एक-दशांश होते. दाटपणानुसार तेलांना क्रमांक देण्याची पद्धत अमेरिकेच्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली सुरू केली, ती याच अडचणीमुळे. आता हे कोडे उलगडते : सकाळी गाडी गार असताना दिवा विझलेला, दुपारी तापलेली गाडी सिग्नलला थांबली की लुकलुकणारा, आणि पाय दाबताच पुन्हा विझणारा. तेल पातळ झालेले, पंप संथ आणि फट मोठी, असे तिन्ही एकत्र आले की दिवा लागतो.

याच ठिकाणी एक मोह उभा राहतो. अधिक दाट तेल घातले की अडथळा वाढतो, दाब वाढतो आणि दिवा विझतो. फट मात्र तेवढीच राहते. दाट तेल गार इंजिनात बारीक वाटांतून उशिरा पोचते, म्हणजे सुरुवातीच्या क्षणांची झीज उलट वाढू शकते. याहूनही सोपा उपाय म्हणजे स्विचची तार काढून टाकणे. जुनी गाडी विकताना असे उपाय केले गेले, तर दोषाची किंमत नवा मालक मोजतो. म्हणून जुनी गाडी घेताना चावी फिरवून आधी हा दिवा लागतो की नाही ते पाहावे आणि गाडी चांगली तापवून, संथ गतीला, दाबमापकानेच दाब मोजून घ्यावा.

वर्गात करून पाहण्यासारखे

नळाला रबरी नळी लावा. वाटेत टी-आकाराचा जोड घालून त्यात पारदर्शक नळी उभी धरा. नळ थोडाच सोडा. रबरी नळीचे तोंड चिमटीत दाबत गेलात की उभ्या नळीत पाणी चढत जाईल. सोडलेत की उतरेल. नळ तोच, पुरवठाही जवळजवळ तोच. बदलली ती फट. चिमूट म्हणजे बेअरिंग आणि उभी नळी म्हणजे दाबमापक.

मग उभ्या नळीवर खाली एक खूण करा. पाणी खुणेखाली गेले तरच हात वर करायचा, असे एका विद्यार्थ्याला सांगा; दुसऱ्याला दर अर्ध्या मिनिटाला उंची लिहायला सांगा. पहिला विद्यार्थी म्हणजे दिवा, दुसरा म्हणजे काटा. चिमूट अगदी सावकाश सैल करत न्या. पहिल्याचा हात वर जाण्यापूर्वी दुसऱ्याच्या वहीत काय काय उमटले आहे, ते वर्गाने मिळून वाचावे. परीक्षेत 'उत्तीर्ण' आणि 'अनुत्तीर्ण' एवढेच सांगणारा निकाल आणि वर्षभराच्या नोंदी यांतला फरकही त्या निमित्ताने विद्यार्थी स्वतःच काढतील, असा आमचा अंदाज आहे.

२०२० साली 'चेतक' हेच नाव घेऊन पुण्याच्या रस्त्यावर विजेवर चालणारी स्कूटर आली. तिच्यात इंजिनच नाही, म्हणून इंजिनाचे तेल नाही आणि हा लाल दिवाही नाही. तिच्यासमोर दुसरे दिवे आहेत. ते कशावरून लागतात, कोणत्या आकड्याला लागतात आणि त्यांची साक्ष कशाने तपासायची, हे प्रश्न तिथेही विचारावे लागतील.